शेंगदाणे, गूळ, बी-ट्वेल्व्ह आणि आईची ऊब: पत्रांना उत्तरं

या खेपेच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. प्रत्येकानं कुठे ना कुठे ‘नवीन संशोधन’ वाचलंय, ऐकलंय, आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. मी तालुक्याच्या गावातली मुलांची डॉक्टर. समोर बाळाला घेऊन आई बसते, शेजारी सासूबाई बसतात, मागे मोबाइल हातात घेऊन बाळाचे बाबा उभे असतात, त्यामुळे हे तट मला रोजच भेटतात. नवं म्हणून सगळं उचलायचं नाही आणि जुनं म्हणून सगळं टाकायचं नाही. अभ्यास कोणत्या बाळांवर झाला, तुलना कुणाशी केली आणि पुढे किती वर्षं त्या मुलांकडे पाहिलं, एवढं विचारलं की बराचसा गोंधळ मिटतो. म्हणून या वेळी पत्रं मोजकीच घेतली आहेत आणि उत्तरं लांबली तरी लांबू दिली आहेत.

“माझी धाकटी मुलगी लंडनजवळ राहते. तिचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. गालांवर आणि हातापायांवर इसबाचे लाल चट्टे असतात, रात्रभर खाजवतो. तिथल्या डॉक्टरांनी त्याला आत्ताच शेंगदाणा सुरू करायची गोष्ट काढली आहे. थोरलीचा मुलगा २००६ साली तिथेच झाला. तेव्हा तिला सांगितलं होतं, तीन वर्षांचा होईपर्यंत शेंगदाणा देऊ नका. खरं कुणाचं मानायचं? मी पुढच्या महिन्यात जाते आहे. सोबत दाण्याचं कूट नेऊ का?”
– एक आजी, कोल्हापूर

आजी, थोरलीला जे सांगितलं तो त्या वेळचा सरकारी सल्लाच होता. ब्रिटनमध्ये १९९८ पासून असं सांगत, की ज्या घरात दमा, इसब किंवा अ‍ॅलर्जी आहे तिथे मुलाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २००० साली तसंच सांगितलं. ज्याची अ‍ॅलर्जी होते ते दूर ठेवा, हा विचार वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी काही कमी होईना, उलट वाढतच गेली.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले डॉ. गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एक साधी तुलना केली. ब्रिटनमधली ज्यू कुटुंबांतली शाळकरी मुलं घेतली आणि इस्रायलमधलीही घेतली. वंश सारखा, अन्न वेगळं. २००८ साली निष्कर्ष छापून आला: ब्रिटनमध्ये १.८५ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. म्हणजे दहा पटींचा फरक. इस्रायलमधली बाळं वर्षाची व्हायच्या आतच ‘बांबा’ नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे चघळत होती, आणि ब्रिटनमधल्या बाळांच्या तोंडाला शेंगदाणा लागतच नव्हता.

पण एवढ्यावरून सल्ला बदलता येत नाही. दोन देशांत फरक काय शेंगदाण्याचाच असतो? हवा, ऊन, औषधं, सगळंच वेगळं. म्हणून त्यांनी खरी परीक्षा घेतली. चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली, सगळी तुमच्या नातवासारखीच: तीव्र इसब असलेली, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, किंवा दोन्ही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला आठवड्यातून निदान तीनदा शेंगदाणा द्यायचा, दुसऱ्याला पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. सुरुवातीच्या त्वचेच्या चाचणीत ज्यांची प्रतिक्रिया आली नव्हती, त्यांच्यातला पाचव्या वर्षीचा हिशेब असा: न खाणाऱ्यांत १३.७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत १.९ टक्क्यांना. चाचणीत आधीच थोडी प्रतिक्रिया दिसलेल्यांतही ३५.३ टक्के विरुद्ध १०.६ टक्के. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर जगभरातला सल्ला फिरला.

त्या मुलांना पुढेही सोडून दिलं नाही. सहाव्या वर्षानंतर ज्याला जसं खायचं तसं खाऊ दिलं आणि ती बारा-तेरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं. २०२४ मध्ये तो निकाल आला. लहानपणी खाल्लेल्यांत ४.४ टक्के, न खाल्लेल्यांत १५.४ टक्के. मला यातलं हे सगळ्यांत मोलाचं वाटतं. पाच वर्षांपर्यंत नेमानं शेंगदाणा पोटात गेला, त्याचा फायदा मिसरूड फुटेपर्यंत टिकला.

असं का होत असावं, याचं लॅक यांनी मांडलेलं स्पष्टीकरण तुमच्या नातवाला नेमकं लागू पडतं. इसबानं त्वचा फाटलेली असते. घरात कुणी दाणे खाल्ले की त्याचे सूक्ष्म कण हवेत, चादरीवर, हातावर राहतात आणि त्या फाटलेल्या त्वचेतून आत शिरतात. त्वचेतून आलेल्या पदार्थाला शरीर शत्रू समजतं, तोंडावाटे आतड्यात आलेल्या पदार्थाला अन्न समजतं. तोंडाची वाट बंद ठेवली आणि त्वचेची उघडी राहिली, तर शरीराची पहिली ओळख चुकीच्या दारातून होते. म्हणून आजी, तिकडे गेल्यावर नातवाला मालिश कराल तेव्हा शेंगदाण्याचं तेल वापरू नका. शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं आणि पुढची अ‍ॅलर्जी यांचा संबंध २००३ सालीच दिसून आला होता. डॉक्टरांनी दिलेलं जाड मलम दिवसातून दोन-तीनदा चोपडा, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. इसब आटोक्यात आणणं हेही शेंगदाण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता कसं द्यायचं ते. तुमच्या नातवाचं इसब तीव्र दिसतं, त्यामुळे पहिला घास तुम्ही घरी द्यायचा नाही. आधी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी, आणि डॉक्टर म्हणाले तर पहिला चमचा त्यांच्यासमोर. त्यांनी हिरवा कंदील दाखवल्यावर मात्र घरी कुचराई नको. भाजलेल्या दाण्यांचं वस्त्रगाळ म्हणावं इतकं बारीक कूट, दोन चहाचे चमचे, भाताच्या पेजेत किंवा कुस्करलेल्या केळ्यात चांगलं कालवून, आठवड्यातून तीनदा. एकदा सुरू केलं की सोडायचं नाही, त्या अभ्यासातल्या मुलांनी वर्षानुवर्षं खाल्लं होतं. दाणे तिकडेही मिळतात, इथून ओझं नेऊ नका. कुठलेही घेतले तरी एकेक दाणा बघून घ्या. खवट, काळा पडलेला, बुरशी लागलेला दाणा बाळाच्या वाटीत जाता कामा नये.

आणि अख्खा दाणा किंवा त्याची फोड पाच वर्षांपर्यंत देऊ नका. हे मी हात जोडून सांगते. संक्रांतीच्या आसपास माझ्याकडे दोन-तीन वर्षांचं पोर हमखास येतं: खेळता खेळता चिक्की तोंडात टाकली, हसला, ठसका लागला, मग शांत झाला म्हणून घरचे निर्धास्त राहिले. तीन दिवसांनी ताप, आणि छातीला नळी लावावी तर एका बाजूला हवाच जात नाही. दाण्याचा तुकडा श्वासनलिकेत अडकलेला असतो. तो भूल देऊन दुर्बिणीनं काढावा लागतो, आणि त्यासाठी पोराला घेऊन शहर गाठावं लागतं.

ज्यांच्या बाळाला इसब नाही, अंड्याची अ‍ॅलर्जी नाही, त्या वाचकांनी चाचण्यांच्या मागे लागू नये. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं की आपल्या घरात रोज होतं ते दाण्याचं कूट आणि अंडं खाणाऱ्यांनी पूर्ण शिजलेलं अंडं बाळाच्या वाटीत लवकर येऊ द्यावं. ‘वर्ष होऊ दे, मग बघू’ याला आता आधार उरलेला नाही.

“बाळ आठ महिन्यांचं आहे. नाचणीच्या सत्त्वात गूळ घातल्याशिवाय ते खातच नाही, असं सासूबाई म्हणतात. गूळ तर पौष्टिक असतो. पण दोन वर्षांपर्यंत गोड नको, असं इंग्लंडमधल्या संशोधनात निघालं म्हणे?”
– बार्शी, जि. सोलापूर

निघालं आहे, आणि ते कसं काढलं हेही सांगते, कारण हा अभ्यास मला फार आवडला. बाळांचे दोन गट करून एकाला मुद्दाम साखर खायला घालणं कुणी करणार नाही. पण इतिहासानं ते आपसूक करून ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धापासून ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती. सप्टेंबर १९५३ मध्ये ते बंधन उठलं आणि लोकांचं साखर खाणं जवळजवळ दुप्पट झालं. म्हणजे १९५२ च्या आसपास जन्मलेल्या बाळांची सुरुवात कमी साखरेत झाली आणि नंतर दोन-तीन वर्षांत जन्मलेल्यांची जास्त साखरेत. ही सगळी माणसं आता सत्तरीत आहेत. त्यांतल्या सुमारे ६०,००० जणांची तब्येत संशोधकांनी तपासली. २०२४ च्या अखेरीस ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेला निष्कर्ष असा: गर्भात आणि पहिली दोन वर्षं ज्यांना कमी साखर मिळाली, त्यांच्यात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी. ज्यांना मधुमेह झाला, त्यांनाही तो सरासरी चार वर्षं उशिरा झाला.

सासूबाईंचं गुळावरचं प्रेम मला समजतं. पण बाळाच्या शरीरासाठी गूळ म्हणजे साखरच. त्यातलं लोह बाळाला पुरेल इतकं नसतं. खजुराचा पाक, खडीसाखर, बिस्किट बुडवलेला चहा, सगळं त्याच हिशेबात धरा. आणि वर्षाच्या आत मध तर चाटवूही नका, बारशालासुद्धा. त्यात असणाऱ्या जिवाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडल्याचं नोंदलेलं आहे.

बाळ गुळाशिवाय खात नाही, कारण त्याला गुळाचीच सवय लावली गेली. सत्त्वात रोज थोडा थोडा गूळ कमी करा आणि त्या जागी कुस्करलेलं केळं किंवा चिकू घाला. वर अर्धा चमचा तूप. पंधरवड्यात जीभ वळते. बाळानं तोंड फिरवलं तर त्याच दिवशी हार मानू नका. नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय बऱ्याच बाळांना रुचत नाही.

“मी २६ वर्षांची, शिरूर तालुक्यात शेतकरी घरात राहते. घर माळकरी आहे, अंडंही चालत नाही. आता बाळाचा विचार आहे. आशाताईंनी फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्यात. मैत्रीण म्हणते, पुण्यातल्या संशोधनात दिसलंय की फोलिकमुळे मुलांना पुढे मधुमेह होतो. गोळ्या बंद करू का?”

बंद करू नकोस. हे पहिलं वाक्य नीट वाच आणि मैत्रिणीलाही वाचून दाखव.

तू म्हणतेस ते संशोधन पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, आणि ते तुझ्यासारख्याच घरांत केलं. १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळची सहा गावं निवडली. लग्न झालेल्या बायकांची उंची, वजन, खाणं, कष्ट, सगळं गरोदर राहण्याच्या आधीपासून नोंदत गेले. त्या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं लहान असणार हे अपेक्षितच होतं. नवल पुढे आहे. चिमट्यासारख्या यंत्रानं बाळांच्या पाठीची कातडी धरून मोजली, तेव्हा दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली. मधुमेहाची तयारी पाळण्यातच झालेली. ‘आमच्या घरात कुणी जाड नाही, मग साखर कशी?’ असं जे आपल्याकडे विचारतात, त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग या सहा गावांत सापडला.

त्या आयांच्या रक्तात आणखी एक गोष्ट दिसली. सुमारे दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व कमी होतं, फोलेट, म्हणजे तुझ्या गोळीतलं फोलिक, मात्र जवळजवळ सगळ्यांना पुरेसं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी आणि फोलेट भरपूर, त्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला होणारा विरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी पायरी, सगळ्यांत जास्त निघाला. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. मैत्रिणीनं यातलं अर्धंच ऐकलं. दोष फोलिकचा नाही, जोडी मोडल्याचा आहे. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच बंद होते, बऱ्याचदा पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत. तेव्हा शरीरात फोलिक नसेल तर ती उघडी राहू शकते. म्हणून फोलिक आधीपासूनच हवं. आणि त्याच्यासोबत बी-ट्वेल्व्ह हवं.

ते कुठून मिळणार? भाजी, डाळ, भाकरी, फळं यांत ते नसतं. मांस, मासे, अंडी यांत असतं आणि तुमच्यासाठी दूध-दह्यात. दुभती गाय दारात असलेल्या घरातही मी विचारते, ‘तू स्वतः दूध किती पितेस?’ उत्तर येतं, ‘चहापुरतं.’ दूध डेअरीला जातं, उरलेलं मुलांना आणि घरातल्या पुरुषांना. दूध देणाऱ्या घरातली सून बी-ट्वेल्व्हनं उपाशी राहते, याचा मला मनापासून राग येतो. रोज दोन पेले दूध किंवा दोन वाट्या घट्ट दही, तुझ्या वाटणीचं, आणि ते तू स्वतः प्यायचं-खायचं. पाणी घालून केलेलं ताक त्यात मोजू नकोस.

रक्तातलं बी-ट्वेल्व्ह तपासून घे. माळकरी घरात ते कमीच निघायची शक्यता जास्त; तसं निघालं तर गोळ्या किंवा इंजेक्शन डॉक्टर ठरवतील. याच पुण्याच्या अभ्यासातली मुलं वयात आल्यावर त्यांना २०१२ पासून रोज बी-ट्वेल्व्ह द्यायला सुरुवात झाली, फक्त दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेइतकंच. पुढे त्या मुली आई झाल्या. त्यांची मुलं दोन-तीन वर्षांची असताना तपासली, तेव्हा बी-ट्वेल्व्ह घेतलेल्या आयांची मुलं समज आणि भाषेत पुढे दिसली. मुलांची संख्या लहान होती, त्यामुळे मी याचा डंका पिटणार नाही, पण दिशा स्पष्ट आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये बायकांना रोज हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ देऊन पाहिला होता. तिथेही बाळाच्या वजनात फरक दिसला तो गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून खाणाऱ्या बायकांच्या बाळांत. तुझ्याकडे तो वेळ आज आहे, म्हणून तुझं पत्र वाचून मला बरं वाटलं.

बी-ट्वेल्व्ह फार कमी असलेल्या आईचं बाळ कसं दिसतं, तेही सांगते. आठ-नऊ महिन्यांचं बाळ, अंगावरच्या दुधावरच असलेलं, अंगानं गुबगुबीत. पण हसायचं थांबलेलं. केस विरळ, तांबूस. बोटांच्या पेरांवर काळपट डाग. पूर्वी मान धरत होतं, आता मान टाकतं. घरच्यांना वाटतं दृष्ट लागली. वेळेत ओळखलं तर बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांनी थोड्याच दिवसांत बाळ आईकडे बघून पुन्हा हसू लागतं. उशीर झाला तर सगळं भरून येईलच असं नाही.

“मुलगी आठ वर्षांची, यंदा चष्मा लागला. नंबर वाढू नये म्हणून थेंब निघालेत असं ऐकलं. खरं आहे का?”
– ठाणे

खरं आहे. अ‍ॅट्रोपीनचे अगदी सौम्य थेंब रात्री घातल्यावर नंबर वाढण्याचा वेग कमी होतो, हे हाँगकाँगच्या अभ्यासांत दिसलं आहे. २०२३ मध्ये तिथलाच आणखी एक अभ्यास आला: चष्मा नसलेल्या चार ते नऊ वर्षांच्या मुलांना दोन वर्षं ०.०५ टक्क्यांचे थेंब दिले, तर २८.४ टक्क्यांना लांबचं दिसेनासं झालं. नुसते औषधाविना थेंब घेणाऱ्यांत ५३ टक्क्यांना. पण हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून, ठरावीक काळानं नंबर मोजत द्यायचं औषध आहे. दुकानातून आणून घालायचं नाही.

घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी सगळ्यांत स्वस्त उपाय ऊन. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर सोडलं. तीन वर्षांनी त्यांच्यात ३०.४ टक्क्यांना चष्मा लागण्याजोगा दोष आला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. घरात दिवे कितीही लावले तरी बाहेरच्या उजेडाची बरोबरी होत नाही. सोसायटीच्या गच्चीवर, खाली अंगणात, कुठेही, पण छपराबाहेर. एकदा नंबर लागल्यावर उन्हाचा उपयोग कमी होतो, म्हणून धाकट्याचं आत्ताच बघा.

“मी आशा आहे. आमच्या पाड्यावरच्या बाईला १७०० ग्रॅमचं बाळ झालं. दवाखान्यात बाळ काचेत ठेवलं होतं, आईला बाहेर बसवलं होतं. आता घरी सोडलंय, १९०० ग्रॅम आहे. सिस्टर म्हणाल्या, छातीशी उघडं धरा. सासू म्हणते, शेकोटीजवळ ठेवते, उघडं केलं तर सर्दी होईल. मी काय सांगू? मोठ्या दवाखान्यात खरंच याला मानतात का, की मशीन नाही म्हणून सांगतात?”
– धडगाव, जि. नंदुरबार

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण सुरुवात तशीच झाली होती. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्या दवाखान्यात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं. म्हणून त्यांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तेव्हापासून कितीतरी लोक याला गरिबांची सोय समजत आले. पण आता गोष्ट उलटली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या मोठ्या रुग्णालयांत ३,२११ बाळांवर अभ्यास केला. भारतातलं रुग्णालय दिल्लीचं सफदरजंग. बाळं १ ते १.८ किलोची. अर्ध्यांना नेहमीप्रमाणे आधी पेटीत ठेवून तब्येत स्थिरावल्यावर आईकडे दिलं. अर्ध्यांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी, दिवसाचे १७ तासांच्या आसपास. त्यासाठी नवजात बाळांच्या कक्षातच आईची खाट टाकली. महिन्याभरात पहिल्या गटातली १५.७ टक्के बाळं गेली, दुसऱ्या गटातली १२ टक्के. म्हणजे एरवी दगावली असती अशा चार बाळांतलं एक फक्त आईच्या अंगानं वाचलं. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण अर्ध्या बाळांना यापासून दूर ठेवणं योग्य राहिलं नव्हतं. २०२१ साली हे छापून आलं आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं सल्ला बदलला. त्यामुळे आईला बाहेर बसवणाऱ्या दवाखान्यांनी आता बदलायला हवं, तुम्ही नाही.

घरी हे चालतं का? चालतं. हरियाणाच्या खेड्यांत ८,४०२ कमी वजनाच्या बाळांवर हेच घरी करून पाहिलं. तुमच्यासारख्याच कार्यकर्त्या घरोघर जाऊन शिकवत होत्या. तिथेही पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. आणि घरी जाऊन बाळ वाचवता येतं हे जगाला दाखवलं कुणी? गडचिरोलीच्या ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायांनी, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेत. त्यांनी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय शोधपत्रिकेत आलं. तुमच्या घरभेटी त्याच कामातून आल्या आहेत.

सासूबाईंना असं दाखवा, नुसतं सांगू नका. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. आईनं पोलक्याची बटणं काढून बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, छातीला छाती, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं. वरून जुनं मऊ लुगडं घट्ट गुंडाळायचं, बाळाच्या कानाखालपर्यंत. त्यावर गोधडी. बाळ उघडं नसतंच, आई हेच त्याचं पांघरूण. मग तुमच्या पिशवीतला थर्मामीटर काढा. धरण्याआधी काखेत लावा, तासाभरानं पुन्हा लावा आणि दोन्ही आकडे सासूबाईंना वाचून दाखवा. माझ्या अनुभवात कुठलंही भाषण जे करत नाही ते हे दोन आकडे करतात. शेकोटीचा धूर त्या इवल्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि ठिणगी उडून भाजलेली बाळं मी पाहिली आहेत.

आई थकली, तिला जेवायचं आहे, नदीवर जायचं आहे, तर बाबा धरतील, सासूबाई धरतील. त्यांच्या छातीचीही तीच ऊब. सासूबाईंना एकदा स्वतः धरू द्या, मग विरोध बहुतेक मावळतो. दिवसाचे आठ तास तरी, जमेल तितके जास्त. अंगावरचं दूध दर दोन तासांनी. ओढता येत नसेल तर पिळून वाटी-चमच्यानं. आंघोळ नको, ओल्या फडक्यानं पुसा. बाळ अडीच किलोच्या जवळ आलं की स्वतःच हातपाय झाडून बाहेर पडायला बघेल, तेव्हा थांबवा.

तुमच्या प्रत्येक भेटीत वजन करा आणि लिहा. बाळ दूध ओढेनासं झालं, एका मिनिटात ६० किंवा जास्त श्वास मोजले गेले, छातीला खड्डा पडतोय, अंग लुळं वाटतंय, तळहात-तळपाय पिवळे झालेत, किंवा तासभर छातीशी धरूनही अंगाचं तापमान ९७ फॅरनहाइटच्या खाली राहतंय, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत, आणि गाडीतही, बाळ आईच्या छातीशीच असू द्या.